दातांत धरायचा उजेड

या, असे पुढे सरका. खांबाला टेकलेल्यांनी पाठ सोडा, उंबऱ्यावरच्यांनी आत या. ही गोष्ट लांबून ऐकायची नाही; ऐकताना शेजाऱ्याचा खांदा जवळ असलेला बरा. सांगतो ती एका बॅटरीची, म्हणाल तर एका माणसाच्या जिवाच्या धाकधुकीची. आणि शेवटी तुमच्याकडे एक मागणं मागणार आहे, तेवढं पदरात घाला.

पंडित मूळचा असोद्याचा. जळगावात एस.टी. स्टँडजवळ गौतमचंद शेठच्या कापडदुकानाच्या ओट्यावर पेटी मांडून बसायचा. कंदील, स्टोव्ह, बॅटरी, जे जे विझलं ते पंडितकडे यायचं. बांगलादेशची लढाई नुकतीच संपली होती, गावातले दिवे पुन्हा मोकळेपणी लागत होते, थंडी कडाक्याची होती. अशात एका सकाळी मोगराबाई ओट्यावर येऊन टेकली. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवर बाळंतपणं करणारी ही सुईण. तिने पिशवीतून दोन सेलची लांबलचक बॅटरी काढून पंडितपुढे ठेवली.

"पंडितभाऊ, हाई कापी दे."

"कापू? अक्का, चांगली चालतेय की!"

"चालस. पण धरू कोठे? एक हात मायले, एक हात लेकराले. देवनी तिसरा हात दिधा नही."

"कुणा बाईच्या हाती द्यायची."

"बायका धरतस, पण माय वरडनी का डोया मिटी लेतस. मंग उजेड जास आढ्यावर."

आतून गौतमचंद शेठ कापड मोजता मोजता म्हणाले, "पंडित, अक्काच्या कपाळाला बांधून दे. रेल्वेचं इंजिन!"

"शेठ, तू तुना फेटाले बांध," मोगराबाई म्हणाली. "गिऱ्हाईक देखीसन पयी जातीन."

ओटा हसला. पण मोगराबाईचं हसू लगेच मावळलं. तिला दातांत धरता येईल एवढी लहान बत्ती हवी होती, आणि का हवी होती तेही तिने सांगितलं. चोपड्यापलीकडच्या एका पाड्यावर भुरीबाई म्हणून होती, तिच्या सुनेचं पहिलं मूल गेलं होतं. नाळेचा वेढा मानेला बसला होता. अंधारात चाचपून तो हाताला लागेपर्यंत लेकरू निळं पडलं. रॉकेलची चिमणी मोगराबाई जवळ येऊ देत नसे, कारण एकदा चिमणी कलंडून बाळंतिणीचं लुगडं पेटलेलं तिने पाहिलं होतं. त्याच सुनेचे दिवस आता पुन्हा भरत आले होते.

पंडित कामाला लागला. नळी कापून मुठीएवढी केली. मोठे दोन सेल काढून, ट्रान्झिस्टरला लागतात तसले बारीक तीन सेल एकाला एक लावून आत उभे बसवले. मागे पत्र्याची चपटी जीभ काढून तिच्यावर चामडं गुंडाळलं, ते दातांत धरायला. तरी नळी थोडी लांबच वाटत होती. मग त्याने बल्ब फिरवून बसवायची आट्यांची वाटीच काढून टाकली आणि बल्ब कथलाचा डाख देऊन थेट पक्का केला. बल्ब जुनाच, दोन सेलचा. त्याला तिघांचा जोर मिळाला. कळ दाबताच असा पांढरा झोत पडला की गौतमचंद शेठ डोळ्यांवर हात घेऊन म्हणाले, "अरे, हे तर सूर्याचं पिल्लू!"

पंडितची छाती फुगली. येणाऱ्याजाणाऱ्याला त्याने ती बत्ती पेटवून दाखवली. दुपारी मोगराबाई आली, चामडं दातांत धरून मान इकडेतिकडे फिरवली, दोन्ही हात मोकळे हलवले, आणि त्या ओट्यावर लहान पोरीसारखी हसली. बत्ती घेऊन ती चोपड्याच्या गाडीने भुरीबाईच्या पाड्याकडे गेली. पंडितने लगेच तशीच दुसरी आपल्यासाठी केली. कौतुकाची चटक, दुसरं काय!

संध्याकाळी राममंदिरात कीर्तन होतं. बुवा पूर्वरंगात रंगले होते, झांजा एका ठेक्यात होत्या, आणि वीज गेली. अंधारात कुजबुज सुरू झाली. पंडितने खिशातून बत्ती काढून बुवांवर धरली. पांढरीशुभ्र! बुवांच्या कपाळावरचा बुक्कासुद्धा दिसला. "वा, पंडित!" लोक म्हणाले. बुवांनी हसून मान डोलावली आणि निरूपण पुढे नेलं. ते आख्यानाला हात घालणार, तोच बत्ती निळसर चमकली, 'टच्' असा आवाज झाला आणि गुडूप अंधार.

"पंडित, तुझा सूर्य मावळला रे!" कुणीतरी म्हणालं, मंडपभर हसू पसरलं.

पंडितला ते ऐकूच आलं नाही. दोन सेलच्या बल्बच्या तारेला तीन सेलचा जोर झेपत नाही. ती जास्त तळपते आणि लवकर जळते. हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही, उजेडाच्या हौसेपुढे त्याने ते मनावर घेतलं नव्हतं. आणि मोगराबाईच्या बत्तीचं अर्धंअधिक आयुष्य तर त्याने स्वतःच ओट्यावर मिरवण्यात जाळलं होतं!

टाळ पुन्हा वाजू लागले, पण त्याला बसवेना. पांडुरंगा, एवढा वेळ दे, एवढंच तो म्हणत राहिला. सकाळच्या पहिल्या गाडीने तो निघाला. खिशात तीन सेलचे बल्ब कापसात गुंडाळलेले, पिशवीत डाख द्यायचं लोखंड, कथील आणि काढलेली आट्यांची वाटी. गाडी थांब्याथांब्यावर रेंगाळली की याचा जीव वरखाली. शेजारचा म्हातारा म्हणाला, "काय रे बाबा, पोटात दुखतंय?" पंडित म्हणाला, "हो." खोटं नव्हतं.

चोपड्याहून दुसरी गाडी, पुढे पायवाट. तिथे घरं एकमेकांपासून लांब, ज्याच्या त्याच्या शेतात. सूर्य कलताना तो भुरीबाईच्या घराशी पोचला. कुडाच्या भिंती शेणामातीने लिंपलेल्या, खिडकी नाही. अंगणाच्या कडेला भुरीबाईचा मुलगा कुवरसिंग मुठी आवळून बसला होता. आतून कण्हणं येत होतं.

"थांब!" कुवरसिंग उठला. "मझार बाळंतीण शे."

"मोगराक्काला हाक मार. तिची बत्ती बदलायचीय."

"बाप्या मानूसनी हाक जावाव नही तठे."

पंडित थबकला. भिंतीच्या बारीक फटींतून पांढरा उजेड हलत होता. जळत होती अजून! त्याने हात जोडले. राहा, बाई, थोडी राहा. फट उजळे, विझे, पुन्हा उजळे. मग एकदम निळसर चमक दिसली आणि फटी काळ्या झाल्या.

आतून मोगराबाईचा आवाज आला, "बत्ती! भुरी, बत्ती गयी! नाळ गळाले शे!"

भुरीबाई बाहेर धावली. साठीची, काटक बाई. तिने जळकी बत्ती पंडितच्या ओंजळीत टाकली. पंडितने बल्ब पाहिला आणि त्याला स्वतःचं कौशल्य आठवलं. आट्या असत्या तर बल्ब फिरवून बदलता आला असता. हा तर डाख देऊन पक्का केलेला. लोखंड तापवल्याशिवाय सुटणार नव्हता.

"अक्का, विस्तव द्या! दोन निखारे!"

भुरीबाई जागच्या जागी खिळली. चूल घरात होती, आणि बाळंतिणीच्या घरातला विस्तव उंबऱ्याबाहेर देत नाहीत. पंडितच्या असोद्याच्या घरीसुद्धा देत नसत. हातात लोखंड घेऊन इतक्या लांबून आलेल्या माणसाला नेमकं तेवढंच आठवलं नव्हतं.

"लोखंड तरी आत नेऊन तापवा!"

"ना रे भाऊ. तापेल लोखंड त्या चूलवरथून बाहेर निंघनं, म्हंजे इस्तोच निंघना."

बाहेर काडेपेटी कुणाजवळ नव्हती; कुवरसिंग टेकडीवरच्या घराकडे विस्तवासाठी धावत सुटला. पंडितने वर पाहिलं. घर बोटाएवढं दिसत होतं. आत सून किंचाळली, आणि मोगराबाईचा स्वर आता रडका झाला होता, "दिसत नही वं, काहीच दिसत नही!"

भुरीबाईने एकदा आपल्या घराकडे पाहिलं. मग वळचणीतला विळा ओढला आणि मावळतीकडच्या भिंतीवर घाव घातला.

"अक्का!" पंडित ओरडला.

"इस्तो बाहेर जावाव नही. पण ऊनले मझार येवाले कोण ना म्हणस?" ती धापा टाकत म्हणाली. "देखत काय ऱ्हायना? पाठ कर, अन वढ!"

पंडित भिंतीला पाठ करून उकिडवा बसला. ती घाव घाली, तो डोळे मिटून, हात खांद्यावरून मागे नेऊन कामट्या ओढी. लिंपणाची ढेकळं त्याच्या डोक्यावर पडत होती. तोंडातून नामस्मरण चाललं होतं की शिव्या, त्याचं त्यालाच कळत नव्हतं. बोटं फाटली. एक कामटी सुटली, दुसरी अडली, त्याने सगळा भार टाकला आणि अर्धा हात भिंत कोसळली. कललं ऊन त्या भगदाडातून सरळ आत शिरलं.

पंडित भिंतीकडे पाठ करूनच राहिला.

"गवसना वेढा," मोगराबाई हळू म्हणाली. "निंघना... निंघना... ये वं माय!"

मग एक चापट, आणि एक बारीक, रागावलेलं रडणं.

पंडित तिथेच मातीत बसला. त्याला रडू आवरेना. कुवरसिंग खापरीवर निखारे घेऊन उतार उतरत येत होता; रडणं कानावर पडताच मधेच उभा राहिला.

"मुलगी शे," आत गेलेली भुरीबाई भगदाडातून म्हणाली. मग पंडितकडे पाहून, "आते का बसना? इस्तो उना ना? बत्ती कर. मोगराले उद्या दुसरा पाड्यावर जानं शे."

पंडितने फाटक्या बोटांनी लोखंड तापवलं, जळका बल्ब सोडवला आणि तीन सेलचा बल्ब आट्यांच्या वाटीसकट बसवला, हाताने फिरवून काढता येईल असा. नळी बोटभर लांब झाली. उजेड पहिल्याइतका पांढरा नव्हता.

पंडितची वाहवा जळगावात आजही होते, मोगराबाईचं नाव पाड्यापाड्यावर घेतात. पण ती थंडी भुरीबाईच्या घराने भगदाडाला गोधडी लावून काढली, हे कुणी सांगत नाही. म्हणून मागणं एवढंच: तुमच्या घरी पाळणा हलेल, बारशाला बायका गोळा होतील, तेव्हा एकदा भुरीबाईची आठवण काढा.