लाल तारे सोडून

ताऱ्यांच्या मधली धूळ मोजायला आमच्या वैदेहीला शिष्यवृत्ती मिळते. घरातल्या कपाटावरची धूळ मात्र मीच पुसते.

धुळीआडचा तारा असतो त्याहून लालसर दिसतो म्हणे. किती लालसर, ते मोजलं की वाटेत धूळ किती ते कळतं. असे लाखो तारे घेऊन ती आकाशगंगेतल्या धुळीचा नकाशा करत होती. पण जिथे दाट धूळ हवी, नेमका तिथेच कोरा डाग आला होता. तिच्या गाईड सरांनी बजावलं होतं, सोमवारपर्यंत कारण सापडलं नाही तर तो भाग दुसऱ्याला देऊ. रविवारी पोरगी अंबरनाथला आली ती लॅपटॉपसमोर तोंड पाडून बसली. मला बघवेना.

दिवेलागणीला मी तिला ओढूनच गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढायला नेलं. मागोमाग हेही आले. हे, म्हणजे शशिकांत, एमआयडीसीतल्या केमिकल कंपनीत शिफ्ट ऑफिसर. वैदेही लहान असताना बापलेक इथेच तारे मोजायचे. एमआयडीसीच्या अंगाला एखादा लाल दिसला की हे ओशाळून म्हणायचे, "तो नको धरू, आमच्या धुराने लाल झालाय."

आजही तसा एक दिसला. "तो लाल सोड हां वैदू, आमचा धूर."

"काहीतरीच काय बाबा! ती रोहिणी. ती मुळातच लाल आहे," वैदेही हसली, आणि एकदम माझ्याकडे वळली. हातातला टॉवेल माझ्या खांद्यावर टाकत म्हणाली, "आई, मीपण तेच केलंय! जास्त लाल तारे खराब समजून आधीच गाळलेत. दाट धुळीमागचे तर तसेच दिसणार ना!"

ती धाडधाड जिना उतरली. कपडे माझ्याच गळ्यात, नेहमीप्रमाणे.

मी पानं घेईपर्यंत तिने गाळलेले तारे परत घेऊन तो तुकडा नव्याने काढला होता. डाग भरला होता. सगळ्यात दाट ढग तिथेच होता. सरांना पाठवताच त्यांचा फोन आला, भाग तुझाच. मला रडूच फुटलं.

हे मात्र पापडाचा तुकडा हातात धरून बसले होते. "वैदू, म्हणजे तो तारा आमच्यामुळे लाल नाही?"

"नाही हो बाबा. कधीच नव्हता."

हे उठले आणि चपला शोधू लागले.

"अहो, आमटी गार होतेय! कुठे निघालात?"

"गच्चीवर. एक मोजायचा राहिलाय."