जागा भरायला अकरा

सल्ला देणाऱ्या कंपनीत लागल्यापासून ताईचं घरातलं वजन भलतंच वाढलं होतं. न्यायला-आणायला दाराशी गाडी, विमानाचा प्रवास, आणि मुख्य म्हणजे आईच्या गुडघ्यांचा खर्च कंपनीच्या विम्यातून. एका गुडघ्याचं ऑपरेशन बिनबोभाट पार पडलं होतं, दुसऱ्याचं पुढच्या महिन्यात ठरलं होतं. आई शेजारणींना सांगायची, "आमची ताई मोठमोठ्यांना शहाणपण शिकवते." ताई मात्र घरी महिन्यातून चार दिवस दिसायची आणि त्यातले दोन झोपून काढायची. धाकटा भाऊ म्हणायचा, "पाहुणे आले, चांगल्या चादरी काढा." ती हसायची, पण तिला ते लागायचं.

या कंपनीत कामाची एक तऱ्हा होती. अभ्यास सुरू व्हायच्या आधीच अहवाल तयार करायचा. म्हणजे नुसता सांगाडा: पानांना मथळे, मथळ्यांखाली चौकटी, आणि चौकटी ओक्याबोक्या दिसू नयेत म्हणून त्यांत मनाला येईल तो आकडा. खरे आकडे हाती आले की हे पुसायचे. आधी कळस, मग पाया! पण त्यात वेळ वाचायचा, म्हणून कुणी नाक मुरडत नसे.

एका मोठ्या रुग्णालयाच्या रक्ततपासणी विभागाचं काम आलं, तेव्हा ताईनं असाच सांगाडा रचला. 'जास्तीची माणसं' या चौकटीत तिनं अकरा टाकले. अकराच का? दहा टाकले असते तर ते बनावट वाटले असते, इतकंच.

मग तीन आठवडे ती त्या विभागात स्टूल टाकून बसली. नमुना किती वाजता आला, नळीवर चिठ्ठी कधी लागली, नळी यंत्रात कधी गेली, सगळं टिपत राहिली. विभागाच्या प्रमुख बाई पहिल्या दिवशी फटकन म्हणाल्या, "आमच्या डोक्यावर बसून काय मोजणार आहात?" चौथ्या दिवशी त्यांनीच तिला खुर्ची आणून दिली. "नीट बसा. आणि दिसेल तेवढंच लिहा, आमचं दुसरं काही मागणं नाही." ताईनं तसा शब्द दिला. तिला दिसलं ते असं, की चोवीस माणसांना पाठ टेकायला फुरसत नव्हती. जास्तीचं कुणीच नव्हतं, उलट दोन कमीच होती.

रुग्णालयातल्या बैठकीच्या दिवशी सकाळी गाडीत तिनं दुरुस्त केलेलं पान आपल्या साहेबांपुढे धरलं. साहेबांनी चष्मा काढला.

"अगं, अकरा तर मी रुग्णालयाच्या संचालकांना पहिल्याच आठवड्यात सांगून मोकळा झालो. तुझ्याच पानावरून."

"साहेब, तो नुसता जागा भरायला टाकला होता!"

"ते मला कसं कळणार? आता मागे घेतला तर नाचक्की कुणाची? अकरापर्यंत कसं पोचायचं ते बघ, हुशार आहेस." चष्मा परत चढवत ते म्हणाले, "तुला ठेवायचं की नाही, हेही याच महिन्यात ठरायचंय."

आईचा दुसरा गुडघा ताईच्या डोळ्यांपुढून हलेना. आपणच माती खाल्ली, आता निस्तरणार कोण, असं तिला सारखं वाटत राहिलं.

बैठकीत अकराचं जुनंच पान पडद्यावर आलं आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "अकरा हा आकडा खरा नाही. तो मी मनानं टाकला होता. इथं माणसं कमी आहेत."

संचालक रागावले नाहीत. "अहो, कामावरून कमी केल्याची अकरा पत्रं आज सकाळी नऊलाच दिली."

"अहवालाच्या आधी?"

"कपात करायची हे आमचं ठरलेलंच होतं. किती, हे बाहेरच्या कुणी सांगितलेलं बरं असतं. तुम्ही सांगितलंत."

"मग ती परत घ्या ना!"

"दिलेलं पत्र मागे घेतलं तर आमचं हसं होईल." त्यांनी पुढचं पान लावायला सांगितलं.

बैठक संपल्यावर ताई खाली विभागात गेली. जावंसं वाटत नव्हतं, पण न जाणं जमलं नसतं. आत काम नेहमीसारखंच चालू होतं. दिवसाचे नमुने संपवायचे होते, त्यामुळे पत्र मिळालेले अकराही हातमोजे घालून उभे होते.

बाई बाजूला आल्या. "एकच विचारते. अकराच का हो? तुम्ही तर सगळं मिनिटामिनिटानं मोजलं होतंत."

ताईनं सगळं सांगितलं. कळस, पाया, चौकट, काही लपवलं नाही. सांगताना तिला रडू येत होतं आणि त्याचीही लाज वाटत होती.

बाई ओरडल्या नाहीत. त्यांनी विभागभर नजर फिरवली आणि बोटावर मोजू लागल्या.

"म्हणजे तुम्हाला आठ सुचले असते, तर ती, ती आणि तो खिडकीजवळचा, ही तिघं राहिली असती."

त्या तिघांतल्या एकीनं मान वर केली आणि ताईकडे बघून ओळखीचं हसली. तो अकरा कुठून आला, हे तिला अजून माहीत नव्हतं.