खुर्चीतला खळगा

खुर्चीच्या काळ्या रेक्झिनवरचा खळगा हळूहळू भरून येत होता. आधी कडा वर आल्या, मग मधला भाग. शेवटी एक बारीक सुरकुती तेवढी उरली... तीही मिटली. दाबलेला फोम असाच उठतो, हे पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या सुमेधाला कुणी सांगायला नको होतं. पण उठायचा तर तो आधी कुणीतरी दाबलेला असावा लागतो, आणि या खुर्चीवर सिनेमाभर कुणी बसलं नव्हतं. पाठीवर राजानंदचा चौकड्यांचा रुमाल होता, तसाच.

हे गेल्या शुक्रवारचं. त्याच्या आधीच्या शुक्रवारचंही.

दर शुक्रवारी दुपारी कॉलेजच्या हॉलमध्ये फुकट सिनेमा दाखवायचा, ही कल्पना राजानंदची, तिच्या नवऱ्याची. खिडक्यांना काळे पडदे त्यानंच लावले. प्रोजेक्टरशेजारची ही खुर्चीही त्याचीच. मग गोदावरीला पूर आला, पुलाशी त्याची मोटारसायकल सापडली — तो सापडला नाही. दोन पावसाळे लोटले. सुमेधानं शुक्रवार चुकू दिला नाही. एसटीच्या खिडकीतून जागा धरायला टाकतात तसा त्याचा रुमाल खुर्चीवर टाकायचा, मगच दिवे मालवायचे.

आज सकाळी सासूबाई पुन्हा म्हणाल्या होत्या, “माय, पुण्यानुमोदन करू दे त्याचं. भंतेजी इचारून राह्यले. लेकाच्या नावानं एक मेणबत्ती तरी लावू का न्हाई मी?”

“बघू, आई.” नेहमीचंच उत्तर. गेलेल्यांसाठीचा हा विधी करायचा म्हणजे राजानंद गेला असं म्हणायचं.

पोरं यायच्या आधी सुमेधानं खडूची पूड चाळून खुर्चीवर पातळ पसरली. जो कोणी असेल त्याची खूण राहील. जो कोणी... हे शब्द मनात उमटले आणि तिनं पाठीवरचा रुमाल उगीच सरळ केला. भीतीपोटी केला असं तिला छातीठोक सांगता आलं नसतं.

हॉल भरला. पहिल्या वर्षाची पायल मागून म्हणाली, “मॅडम, हे रुमालवाले सर कधी येत न्हाईत, अन् जागा मात्र बराबर धरलेली! आमच्या गाडीत असं केलं तर कंडक्टर रुमालच फेकून देईल!” पोरी हसल्या, मग कुणीतरी तिला चिमटा काढला असावा.

“येतील,” सुमेधा म्हणाली. किती सहज!

तेवढ्यात दारात गिरिजाबाई दिसल्या. पांढरं पातळ नेसून, विहारातून थेट. सासूबाई इथं कधीच आल्या नव्हत्या.

“आई, बसा ना.”

“बसते की. तू सांग कुठं.”

त्या रुमालाकडं बघत होत्या. सुमेधा प्रोजेक्टरकडं वळली. गिरिजाबाई भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

अंधार. प्रोजेक्टरचा पंखा कुणी शेजारी श्वास घ्यावा तसा चालू होता. पडद्यावर एक नाव संथ पाण्यातून चालली होती, पाण्याचा उजेड भिंतींवर हलत होता, आणि उजवीकडं — तिकडं वळून बघायचं नाही, हे तिनं ठरवलं होतं — उजवीकडून ओळखीची ऊब येत होती...

दिवे लागले.

खुर्चीवरच्या खडूच्या पुडीत पंजा उमटला होता. पाच बोटं फाकलेली, करंगळी किंचित वाकडी. सुमेधानं आपला उजवा हात उलटा केला. तो मनगटापर्यंत पांढरा होता. करंगळी वाकडी, लहानपणी दारात चेंगरलेली.

म्हणजे सिनेमाभर आपला हात तिथं होता आणि आपल्याला ठाऊक नव्हतं. मग घरी सकाळी पलीकडची उशी दबलेली असते, तीही...? हा हात अंधारात आणखी काय काय करतो? आणि हा ठसा इतका खोल कसा? जागा धरायला नुसता हात ठेवला तरी पुरतं. हे तर सगळा भार देऊन... दाबून धरलेलं. दाबून धरलेलं वर येत नाही, मी हात उचलेपर्यंत ते वर येणार नाही — पुराच्या पाण्याखाली राहिलेला तोही नाही.

पंजाचा खळगा आता भरून येत होता. भिंतीशी गिरिजाबाई वाकून गुडघा चोळत होत्या. हॉल रिकामा होत होता तरी त्या कुठल्याच खुर्चीवर बसल्या नव्हत्या.

सुमेधानं रुमाल उचलला, त्यानंच रेक्झिन पुसलं. खडूचा धुरळा उडाला.

“आई, इथं बसा.”

गिरिजाबाई बसल्या. रुमाल सुमेधाच्या मुठीत होता, आणि तिला स्वतःचा आवाज शेजारून कुणीतरी बोलल्यासारखा ऐकू आला —

“भंतेजींना सांगा. रविवारी राजानंदचं पुण्यानुमोदन करू.”