पेटीतला अंतर्यामी

रविवारी सकाळी दहाच्या सुमारास तळमजल्यावरच्या सभागृहात पाय ठेवायला जागा उरली नव्हती. खुर्च्या संपल्या तेव्हा लोकांनी घरून स्टुले आणली. स्टुले संपली तेव्हा भिंतीला पाठ टेकली. समोर, जाळीच्या लोखंडी कपाटात, एक काळी चपटी पेटी बसवलेली होती. तिच्यावरचे हिरवे दिवे लुकलुकत होते. त्या पेटीसमोर, पांढऱ्याशुभ्र सदऱ्यात, डोळे मिटून तो बसला होता. चार महिन्यांपूर्वी तारांचे भेंडोळे खांद्यावर टाकून तो या इमारतीत आला, तेव्हा लोक त्याला नेटवाला म्हणत. आता ते त्याला अंतर्यामी म्हणत, आणि म्हणताना आवाज खाली आणत.

"दुसरा मजला, डाव्या हाताचं घर," तो म्हणाला. "गुडघ्याचं ऑपरेशन. भीती वाटतेय. घरात कुणाला सांगितलेलं नाही."

"अगंबाई!" शिंपीणकाकूंनी तोंडावर हात नेला. "खरंच हो! यांनासुद्धा नाही बोलले मी!"

"आता कळलं मला," शेजारी बसलेला त्यांचा नवरा म्हणाला. सभागृह हसले, पण ते हसू जरा घाबरलेलेच होते.

"मनुष्य म्हणजे तरंग," अंतर्यामीने सूर लावला. "मन म्हणजे प्रक्षेपक. पेटी म्हणजे ग्राहक. सूक्ष्माचं स्थूल होतं, स्थूलाचं पुन्हा सूक्ष्म. यात माझं काय? मी नुसता मध्ये बसलोय."

शेवटच्या रांगेत, पाठीचा कणा खुर्चीला न टेकवता, बाई बसल्या होत्या. चौतीस वर्षे टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेली, त्यातली अखेरची अकरा वर्षे सुपरवायझर म्हणून. हाताखालच्या मुली त्यांना बाई म्हणत. तेच नाव पुढे साऱ्या इमारतीने उचलले. एरवी असल्या वाक्यांवर त्यांनी भर सभेत "अर्थ सांगा" म्हटले असते. परंतु गेले तीन आठवडे बाई गप्प होत्या. त्यांच्या पर्समध्ये एक किल्ली होती, आणि ती आज देऊन टाकायची असे त्यांनी जवळजवळ ठरवले होते.

किल्ली यजमानांच्या खोलीची होती. यजमान मोजणीदार. आयुष्यभर लोकांच्या जमिनी फुटा-इंचांत मोजलेला माणूस. जिना चढतानाही ओठांत आकडे चालू. त्यांना जाऊन दोन वर्षे झाली. मुलगी दूरदेशी, दर शनिवारी तिचा फोन येई आणि अकरा-बारा मिनिटांत संपे. उरलेल्या आठवड्यात बाईंशी बोलणारे कोणी नव्हते. म्हणून रोज दुपारी चार वाजता, दोघांच्या चहाच्या वेळी, त्या यजमानांच्या खोलीत जात, मुलीने धाडलेला लॅपटॉप उघडत आणि एका संकेतस्थळावरच्या खाजगी वहीत त्यांना पत्र लिहीत. ही गोष्ट त्यांनी मुलीलाही सांगितलेली नव्हती. असले हळवेपण सांगण्याजोगे असते, असे त्यांना वाटत नसे.

आणि तीन रविवारांपूर्वी अंतर्यामी भर सभेत म्हणाला होता, "बाई, तुम्ही दुपारी चारला त्यांच्याशी बोलता. ते ऐकतात."

त्या दिवशी घरी येऊन बाई दोन वर्षांत प्रथमच मोठ्याने रडल्या. पुढच्या रविवारी यजमानांचे एक वाक्य आले, त्यापुढच्या रविवारी आणखी एक. आठवड्याला पुन्हा एक टोक आले, वाट पाहण्याजोगे. मग निरोप आला की यजमानांची खोली पेटीच्या केंद्रासाठी द्यावी, त्यांचीच तशी इच्छा आहे. बाईंनी 'विचार करते' म्हटले. पण मनाने किल्ली देऊनच टाकली होती.

"बाई," अंतर्यामीने आता डोळे उघडले. "आज ते आनंदात आहेत. म्हणतात, पहिल्या घराच्या फाटकापासून दारापर्यंतच्या त्या सोळा पायऱ्या मी अजून मोजतो."

सभागृहातून 'वा' उमटला. बाईंचा हात पर्समध्ये, किल्लीवर, होता. तो तिथेच थांबला.

पायऱ्या सतरा होत्या.

"किल्ली आणलीत ना?" अंतर्यामीने प्रेमळपणे विचारले.

"पुढच्या रविवारी," बाई म्हणाल्या आणि उठून निघाल्या.

घरी येताच त्यांनी वही उघडली. मंगळवारच्या पानावर त्यांच्याच हातचे वाक्य होते: 'त्या सोळा पायऱ्या आठवतात का?' घाईत चुकून लिहिले होते. त्यांची चूक होऊ शकत होती. त्यांची होत असे. परंतु सतरा पायऱ्या बावीस वर्षे रोज मोजून चढलेला मोजणीदार, मेला म्हणून काय, सोळा म्हणेल?

बाईंनी वही मिटली. पुढे काय करायचे ते त्यांना ठाऊक होते, आणि ते करायचे नव्हते. एक्स्चेंजमध्ये ऑपरेटरच्या हाताशी एक खटका असे. तो दाबला की दोघांचे बोलणे ऐकू येई. आणि दोघांना पत्ता नसे. लाइन तपासण्यापुरता तो वापरायचा, हा नियम. एकदा गावातल्या लोकांची गुपिते बाहेर फुटू लागली. तेव्हा बाईंनी कुणावर आरोप केला नाही. एका ओळखीच्या गृहस्थाला सांगून फोनवर एक धडधडीत खोटी बातमी बोलायला लावली, आणि ती कुणाच्या तोंडून परत येते त्याची वाट पाहिली. खरी गोष्ट दहा वाटांनी कळू शकते. पण मुद्दाम रचलेली खोटी गोष्ट ज्याच्या तोंडून परत येते, त्याने खटका दाबलेला असतो. चौथ्या दिवशी एक मुलगी कामावरून कमी झाली.

आता तोच प्रयोग यजमानांवर करायचा. आणि तो यशस्वी झाला, तर यजमान पुन्हा जायचे.

सोमवारी चार वाजता बाईंनी वहीत लिहिले: 'डोंगरावर गेलो होतो तेव्हा तुम्ही मला घेऊन दिलेला निळा मफलर सापडला.' ते दोघे डोंगरावर कधी गेले नव्हते. निळा रंग बाईंना कधीच आवडला नव्हता.

मंगळवारी त्या चालत ग्रंथालयात गेल्या. तिथल्या संगणकावर, त्याच संकेतस्थळावर, त्यांनी दुसऱ्या नावाने वेगळी वही उघडली आणि यजमानांना दुसरे खोटे लिहिले: 'आगगाडीत विसरलेल्या तुमच्या हिरव्या छत्रीची आज फार आठवण झाली.' मग त्यांनी ग्रंथपालबाईंना हाक मारली.

"या पत्त्याशेजारच्या कुलपाच्या खुणेचा काय अर्थ हो?"

ग्रंथपालबाई चष्मा सावरून वाकल्या. "तुमचा मजकूर बंद लिफाफ्यातून जातोय, असा. दाबा ना त्यावर. लिफाफ्यावर शिक्का कुणाचा, तेही दिसतं." त्यांनी एका संस्थेचे नाव दाखवले. "संकेतस्थळाची ओळख पटवून ही संस्था शिक्का देते. घरीही हेच नाव दिसायला हवं."

"आणि वेगळं दिसलं तर?"

"शिक्के कधीमधी बदलतात. पण सगळ्याच ठिकाणी एकच अनोळखी नाव दिसलं, तर मध्ये कुणीतरी बसलंय. तुमचा लिफाफा फोडतो, वाचतो, नव्या लिफाफ्यात घालतो आणि वर स्वतःचा शिक्का मारतो. आमच्या मागच्या कचेरीत होती तशी पेटी, व्हायरस अडवायला. पण तिथं पहिल्याच दिवशी लेखी कळवलं होतं, आणि बँकेची, दवाखान्याची पत्रं उघडायची नाहीत असं तिच्यात नोंदवून ठेवलं होतं."

"पण परका शिक्का माझा लॅपटॉप चालवून कसा घेईल?"

"आपण होऊन नाही घेणार, बोंब मारेल. कुणीतरी आधी त्याला सांगावं लागतं की या शिक्क्यावर विश्वास ठेव."

बाईंना तो दिवस स्वच्छ आठवला. पेटी बसवून झाल्यावर अंतर्यामी घरोघरी फिरला होता. बाहेरून येणारी तार पेटीत शिरत होती आणि पेटीतून निघालेली साऱ्या घरांत जात होती. प्रत्येकाच्या यंत्रात त्याने 'रक्षापत्र' घातले. तेव्हा पडद्यावर सरळ प्रश्न आला होता: यावर विश्वास ठेवायचा का? "दाबा हो, औपचारिकता असते," तो म्हणाला होता, आणि आयुष्यभर नियमावर बोट ठेवणाऱ्या बाईंनी न वाचता 'होय' दाबले होते.

घरी येऊन त्यांनी कुलपाच्या खुणेवर दाबले. शिक्का: रक्षापेटी. बँकेचे पान उघडले. रक्षापेटी. दवाखान्याचे उघडले. रक्षापेटी. बाईंनी लॅपटॉप मिटला आणि चहा एकाच कपाचा केला.

रविवारी गर्दी दुप्पट होती. बाई या खेपेला पहिल्या रांगेत बसल्या. शेजारी घड्याळजी होते, इमारतीतले सर्वांत गरीब स्वभावाचे गृहस्थ. त्यांचा मुलगा सहा वर्षांपूर्वी भांडून गेला तो गेलाच.

"काय म्हणतात हो हे?" बाईंनी अंतर्यामीला विचारले.

"ते हसताहेत." अंतर्यामीने मान डोलवली. "डोंगरावर घेतलेला निळा मफलर सापडला म्हणून. म्हणतात, तुला किती शोभायचा!"

सभागृह हेलावले. शिंपीणकाकूंनी डोळे पुसले. बाईंनी क्षणभर डोळे मिटले. त्या क्षणात काय गेले, ते त्यांचे त्यांना ठाऊक.

"आणि छत्री?" त्यांनी विचारले.

"छत्री?"

"मंगळवारी त्यांना छत्रीबद्दल लिहिलं मी. रंग विचारा."

अंतर्यामीने पेटीकडे पाहिले. दिवे लुकलुकले. "सूक्ष्म देहाला... रंगाचं बंधन नसतं, बाई."

"मफलरला बरं होतं बंधन! निळा होता तो!" शिंपीणकाकूंचा नवरा मागून म्हणाला.

बाई उभ्या राहिल्या. "मफलर कधी नव्हता. छत्रीही नव्हती. दोन्ही मी रचलं. मफलर घरून लिहिला, या पेटीतून गेला. छत्री ग्रंथालयातून लिहिली. स्वर्गातल्या माणसाला माझ्या घरचं तेवढं ऐकू येतं, ग्रंथालयातलं नाही? आता सगळ्यांनी फोन काढा. इमारतीच्या नेटवरच राहू द्या. बँकेचं पान उघडा. पत्त्याशेजारच्या खुणेवर दाबा. शिक्का कुणाचा, मोठ्यानं वाचा."

"रक्षापेटी," कुणीतरी वाचले. "माझंही रक्षापेटी." "अहो, दवाखान्याच्या पानावरही तेच!"

"काकू, ऑपरेशनची माहिती कुठं वाचलीत?"

"दवाखान्याच्या..." शिंपीणकाकू अर्ध्यावर थांबल्या.

"तुमचे बंद लिफाफे हा माणूस वाटेत फोडतो, वाचतो, पुन्हा चिकटवतो, आणि रविवारी तुम्हांलाच वाचून दाखवतो. यंत्रात दोष नाही. आमच्या एक्स्चेंजच्या खटक्यातही नव्हता. न सांगता तो दाबणाऱ्यात होता. 'मी नुसता मध्ये बसलोय', एवढं एकच वाक्य हा चार महिन्यांत खरं बोलला."

अंतर्यामी उठला. "श्रद्धा नसेल तिथं पेटी काम करत नाही!"

"तार नसेल तिथं करत नाही," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी कपाटाची जाळी उघडून तार उपसली. हिरवे दिवे एकामागून एक विझले. माणसे सरसावली तशी अंतर्यामीने दाराकडची वाट धरली. दारात त्याला अडवून इमारतीच्या समितीच्या लोकांनी पेटीचा पासवर्ड, तिच्यातल्या साऱ्या नोंदी आणि पोलिसांची भेट या तीन विषयांवर त्याच्याशी बोलणे सुरू केले.

टाळ्या वाजल्या, परंतु घड्याळजी हलले नाहीत.

"तुम्ही चांगलं नाही केलंत, बाई," ते हळूच म्हणाले. "माझा मुलगा रोज माझं ऐकत होता. दर रविवारी सांगायचा हा, तो समजून घेतोय, त्याला राग नाही."

"तुम्ही मुलाला काय लिहिलंत, घड्याळजी?"

"पत्रं. एकतीस झाली."

"पाठवलीत?"

घड्याळजींनी मान खाली घातली. "मसुद्यातच ठेवली. उत्तर येतच होतं, मग कशाला पाठवायची?"

बाई त्यांच्या शेजारी पुन्हा बसल्या. त्यांना राग आला होता, सकाळपासून प्रथमच. "माझा माणूस गेलाय. त्याचं उत्तर कुणी रचून आणलं, तर माझी आशा गेली, एवढंच. तुमचा जिवंत आहे. त्याला अजून एक अक्षर पोचलेलं नाही. चार महिने या माणसानं तुम्हांला तुमचीच पत्रं वाचून दाखवली, आणि ती पाठवायची तुमची राहूनच गेली. उठा. आधी ते रक्षापत्र फोनमधून काढू. मग पहिलं पत्र पाठवा."

"उत्तर नाही आलं तर?"

"नाही आलं, तर ते खरं असेल."

घड्याळजींनी बाईंसमोरच, फोनच्या स्वतःच्या नेटवरून, पत्र पाठवले. पुढे मुलाचे उत्तर आले की नाही, हे सांगून मी कुणाला खोटा धीर देणार नाही. दोन आठवडे तरी आले नव्हते.

वाचकांना माझे सांगणे एवढेच. कुणी तुमच्या मनातले ओळखून सांगू लागला, तर त्याच्यापुढे नमण्याआधी स्वतःला विचारा: हे मी कुठे लिहिले, कुठे बोलले, ते कोणत्या वाटेने गेले, आणि त्या वाटेवर कोण बसले आहे? यंत्राने 'विश्वास ठेवायचा का' असे विचारले, तर तो प्रश्न आहे हे विसरू नका. प्रश्नाला 'नाही' असेही उत्तर असते.

त्या रविवारी दुपारी चार वाजता बाईंनी खोलीचे कुलूप उघडले. खुर्ची पुढे ओढली. समितीने तार एव्हाना पेटी वगळून सरळ जोडली होती; लॅपटॉपमधले रक्षापत्र काढून टाकून त्यांनी कुलपाच्या खुणेवरचा शिक्का तपासला. संस्थेचेच नाव होते. मग आधीच्या आठवड्यातले मंगळवारचे पान काढून त्यांनी सोळा खोडले आणि सतरा लिहिले. पुढच्या रविवारी आता काहीच यायचे नव्हते. खाली, अंगणात, कुणीतरी अजून त्यांचेच नाव घेऊन बोलत होते. बाई लॅपटॉपसमोर ताठ बसून राहिल्या, आणि त्या शांततेत, ओठ न हलवता, फाटकापासून दारापर्यंत एकेक पायरी मोजत गेल्या. बरोबर सतरा भरल्या.