एवाल्टचा हात हसला

बर्लिनच्या वेशीवर काचेच्या छपराचा एक स्टुडिओ होता आणि त्यात सप्टेंबरचं ऊन उतरायचं ते मोजून-मापून. पीतवर्ण, क्षीण, ताकासारखं पातळ ऊन. अकरा ते बारा, एवढाच त्याचा मुक्काम. त्या तासाभरात जे टिपायचं ते टिपायचं, नाहीतर उद्यावर. मूकपटाचा काळ तो. शब्द नव्हता, स्वर नव्हता. होता तो निव्वळ प्रकाश.

त्या प्रकाशात ओटिली उभी होती. शेहेचाळीस वर्षांची विनोदी नटी. मुखावर पिवळट रंगाचा लेप, अंगात नवरीच्या मावशीचा झगा, हातांत शुभ्र, तीन मजली केक. वीस वर्षं तिनं लोकांना पोट धरधरून हसवलं होतं. पण आता कंपनीचे मालक म्हणू लागले होते, बाईंच्या पायांतली जादू सरली. आजचा प्रसंग पडद्यावर बघून ते ठरवणार होते, तिला ठेवायचं की घरी बसवायचं. वरून मात्र ती खुशाल दिसत होती.

कॅमेऱ्यामागे एवाल्ट. काय सांगावं या गृहस्थाबद्दल! उजव्या हातानं कॅमेऱ्याचा दांडा फिरवायचा; सेकंदाला दोन फेरे, ना कमी ना जास्त. मनातल्या मनात लष्करी बँडची एक चाल म्हणायची आणि तिच्या ठेक्यावर हात चालवायचा. हसलं की हात चुकतो, हात चुकला की चित्र बिघडतं. म्हणून विनोदी चित्रपट टिपणाऱ्या या माणसानं कामावर हसणंच सोडलं होतं. नऊ वर्षं ओटिली त्याच्यासमोर पडत होती, धडपडत होती, आणि हा आपला ढिम्म. तिला ते फार लागायचं.

"केक एकच आहे, बाई," दिग्दर्शक क्नाप म्हणाला. "लोणी कुठं मिळत नाही. एकदाच होईल."

"एकदाच पुरे," ती म्हणाली.

साबणानं बुळबुळीत केलेली फरशी. ती निघाली. घसरली, सावरली, गरकन फिरली, सारं ठरल्याप्रमाणे. मग जे ठरलं नव्हतं ते झालं. केकचा वरचा मजला खरोखरच निसटला आणि फरशीवर पडला. तिनं तो वाचवायची धडपडच केली नाही. गुडघ्यांत वाकून, मान लववून, तिनं त्या पडलेल्या केकची अदबीनं क्षमा मागितली, एखाद्या मानकरणीला चुकून धक्का लागावा तशी. आणि उरलेले दोन मजले उंच धरून ती टेबलाकडे सुटली.

एवाल्ट हसला. आवाज नाही, पण अगदी पोटातून. चाल विसरली, दांड्यावरचा हात क्षणभर रेंगाळला. वर काचेवर ढग आला आणि तास संपला.

तीन दिवस त्याला अन्न गोड लागलं नाही. हात मंदावला की सेकंदाला चित्रं कमी निघतात आणि प्रत्येकावर ऊन जास्त पडतं; मग पडद्यावरचं माणूस धावू लागतं आणि उजेड उतू जातो, हे तो जाणून होता. बाईची अखेरची संधी आपण नासवली, हेच त्याला डाचत राहिलं. मालकांना चित्र दाखवायच्या दुपारी, काळे पडदे ओढलेल्या खोलीच्या दारात, त्यानं तिला गाठलं.

"बाई, त्या दिवशी माझा हात चुकला. दोष तुमचा नाही. मी मालकांना तसं सांगतो."

"तुमचा हात? तो कसा चुकला?"

"मी हसलो."

ओटिली दाराला टेकली. तिचे डोळे भरून आले.

"मग आता मला घरी बसवलं तरी चालेल," ती म्हणाली, आणि ते अगदी खरं होतं.

यंत्र घरघरलं. पडद्यावर ती घसरली, सावरली, वाकली. आणि उठता उठता उजळली. धवल, तेजोमय, वजन नसलेली, वय नसलेली ती स्त्री प्रकाशाच्या पुरातून फरशीवरून भरधाव, अक्षरशः तरंगत गेली. मालक हसायचेच विसरले. मग त्यांच्यातला सर्वांत म्हातारा खुदकन हसला, आणि पाहता पाहता सगळी रांग हसून हसून वाकडी झाली.

"पुन्हा लावा," म्हातारा डोळे पुसत म्हणाला. "आणि पुढच्या चित्रातही याच बाई हव्यात."

पुन्हा लावलं. पुन्हा ती वाकली, पुन्हा उजळली, पुन्हा तरंगली. आणि या खेपेस त्या अंधारात सगळ्यांच्या आधी हसला तो एवाल्ट. मोठ्यानं, मोकळ्यानं, दोन्ही हात मांडीवर टाकून.