मुका गडगा

सकाळपासून पाऊस कोसळत होता आणि घरामागचा दगडी गडगा गळत नव्हता. दुपारी हे माझ्या लक्षात आलं, तेव्हा मी फाइना, म्हणजे आमच्याकडची हरभऱ्याच्या पिठाची पोळी, भट्टीत सरकवत होते. तवा तसाच हातात राहिला.

एवढ्या पावसात एरवी तो गडगा तासाभरात बोलायला लागतो. दगडांच्या फटीफटीतून पाणी ठिबकतं, आणि त्याच्या टपटपीवर स्वयंपाक करायची मला सवय आहे. पण गेल्या उन्हाळ्यात बेर्तुमेने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, त्याच्या सगळ्या फटी सिमेंटने लिंपून टाकल्या. डोंगरउतारावर गडग्याने तोलून धरलेली शेताची पट्टी सांभाळायची म्हणजे दर वसंतात ढासळलेले दगड पुन्हा रचायचे, आणि त्यात त्याच्या कंबरेची वाट लागली होती. "आता मी मरेपर्यंत हात लावायला नको," असं म्हणाला होता. शेजारच्या तुमाझिनने कुंपणावरून विचारलं होतं, "अरे शहाण्या, मग पाणी जाणार कुठून?"

"तुझ्या घरातून," बेर्तुमे म्हणाला होता, आणि आम्ही तिघंही हसलो होतो.

मी खिडकी उघडली. लिंबोणीच्या झाडांमागे गडग्याचं पोट पुढे आलं होतं, दिवस भरलेल्या बाईसारखं. मला पायांतून भीती चढत आलेली कळली. अशी भीती मला कधी वाटली नव्हती, वादळात माझा बाप समुद्रात अडकला होता तेव्हासुद्धा नाही.

"बेर्तुमे, इकडे ये."

तो बाहेरच्या खोलीत अक्रोड फोडत बसला होता. आला, खिडकीतून बघितलं, आणि आपल्या जुन्या बोलीत एक शिवी घातली. इटालियन तो पोस्टात आणि डॉक्टरकडे बोलतो. राग आणि भीती दोन्ही त्याला जेनोवाच्या बोलीतच येतात.

"तुमाझिनकडे जाऊ," मी म्हटलं. "सकाळीच फोनवर लाल इशारा आलाय. चल."

"तू हो पुढे. मी भोकं पाडतो. पाणी निघालं की झालं."

"त्या भिंतीखाली उभा राहून?"

"मग काय वर आभाळात उभा राहू? ऐक मनेना, माझ्या बापाने रचलाय तो गडगा. मी नासवलाय."

पहार घेऊन तो गेलासुद्धा. मी भट्टी बंद करायचीही विसरले आणि त्याच्या मागे धावले.

सिमेंट फुटायला वेळ लागला. मग एका भोकातून पाणी पिचकारीसारखं उडालं, त्याच्या छातीवर. बेर्तुमे हसला. "बघ, मोकळा होतोय."

मी पाण्याचा रंग बघत होते. गडग्यातून नितळ पाणी आलं तर नुसतं पाणी असतं, पण हे चिखलाचं होतं. गढूळ पाणी म्हणजे आतली माती सुटली. लग्न करून आले त्या वर्षी हे मला बेर्तुमेनेच शिकवलं होतं.

"रंग बघ."

"दिसतोय."

"मग चल ना रे."

"आणखी थोडी भोकं. मग येतो."

वरून बारीक खडे घरंगळायला लागले. एक माझ्या खांद्यावर आपटला. मी त्याची बाही ओढली, त्याने झटकली. या माणसाला हुकूम केला की तो खेचर होतो, हे मला आजचं नाही ठाऊक. रडून उपयोग नाही, ओरडून तर नाहीच. मग मी लिंबाखालचं रिकामं खोकं उलटं केलं आणि गडग्याला पाठ लावून त्यावर बसले.

"हे काय आता?"

"तू फोड सावकाश. मी आहे इथे."

"ऊठ."

"नाही."

"डोकं फिरलंय का तुझं?"

"तुझंही फिरलंय. मग माझं का फिरू नये?"

त्याने पहार मारली. माझ्याकडे बघितलं. पुन्हा मारली. पाठीला लागलेले दगड हलत होते, दात कडकड वाजावेत तसे एकमेकांवर घासत होते. मी एप्रनमध्ये हात घट्ट गुंडाळून समोर समुद्राकडे बघत राहिले. समुद्रही चिखलाच्या रंगाचा झाला होता. माझ्या तोंडून प्रार्थनासुद्धा निघेना.

मग पहार थांबली. त्याने मला काखेत हात घालून उचललं आणि ओढत घराच्या कोपऱ्यावरून पायऱ्यांवर, पायऱ्यांवरून तुमाझिनच्या फाटकात नेलं.

आवाज फार मोठा झाला नाही. एखाद्याने भरलेलं पोतं ओतावं तसा झाला, पण तो संपेचना. मग लिंबांचा वास आला, चिरडलेल्या पानांचा. झाडं नव्हती, खोकं नव्हतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून माती आत गेली होती, ओट्यापर्यंत.

तुमाझिनने घोंगड्या आणल्या. जन्मभर टोमणे मारत आलेला हा माणूस सिमेंटबद्दल चकार शब्द बोलला नाही, आणि बेर्तुमे मान खाली घालून त्याचा टोमणा ऐकायची वाट बघत राहिला. पहार अजून त्याच्या मुठीत होती. बोटं उघडत नव्हती. मी एकेक करून सोडवली.

"दगड तिथेच आहेत सगळे," तो म्हणाला. "परत रचता येतील. नुसते दगड."

"हो."

"तू तिथे बसलीस, ते नाटक होतं ना?"

"नाटकच. मी काय वेडी आहे?"

त्याने माझा हात धरला आणि सोडला नाही. त्याला बरं वाटलेलं दिसलं, म्हणून मी ते तेवढ्यावरच सोडलं. बसले तेव्हा खरंच नाटक होतं. पण पहार चालूच राहिली, तो ऐकेना, आणि मला कळून चुकलं की तो नाही आला तर मीही उठणार नाही. गडगा पडून गेला, त्याची भीती तिथेच सरली. ही दुसरी भीती, माझीच मला वाटलेली, मात्र अजून आहे, आणि ती मी त्याला सांगणार नाही.