नर्सबाईचा नवस

त्र्याण्णव साली पुणतांब्याला माझ्या भावाला, सूर्यभानला, मुलगी झाली आणि तिच्या नावावरून घरात आठ दिवस कुणी धड जेवलं नाही. नाव आत्या म्हणून मीच ठेवलं होतं.

पोर दवाखान्यात जन्मली तेव्हा निळी पडली होती, रडेना. यशोधरा नावाच्या नर्सबाईंनी तिच्या तोंडाला तोंड लावून श्वास घातला. मी दाराशी हात जोडून बोलून गेले, जगली तर ह्या बाईचंच नाव ठेवीन. पोरीनं टाहो फोडला.

बाराव्या दिवशी पाळण्यात वाकून मी कानात कुर्र केलं आणि नाव जरा मोठ्यानंच सांगितलं. माझ्या पाठीत घालायला उगारलेल्या बायकांच्या बुक्क्या हवेतच थांबल्या.

"ते त्यांच्यातलं नाव हाय," आमचे चुलते आसाराम म्हणाले. आम्ही त्यांना नाना म्हणायचो. आपण जन्मात कुणाला जात विचारली नाही, असा त्यांना अभिमान होता. ते खरंही होतं. ते फक्त नाव विचारायचे. पाहुण्याला ओट्यावर बसवायचं की घरात, चहा कुठल्या कपात द्यायचा, सगळं तेवढ्यावर ठरायचं. नव्या नावांनी मात्र त्यांचे हाल होत. "सचिन म्हंजी काय? नितीन म्हंजी काय? काय कळतंय त्यातून? लबाड नावं!"

"उद्या हिला स्थळं यायची," नाना म्हणाले, "नाव ऐकूनच माघारी फिरत्याल."

"नाना, तिला अजून मान धरता येईना," मी म्हणाले. "आन आपल्या घरात कानिफनाथ हाय, गहिनीनाथ हाय. दोघंबी नवसाची पोरं. मग हिनंच काय केलंय?"

"नवस देवाला बोलत्यात रंगू, नर्सला न्हाई."

"देव त्या दिवशी ड्यूटीवर नव्हता. ती हुती. तिचा श्वास चालला तुमाला, नाव चालंना व्हय?"

नानांनी तोडगा काढला. दुसरं नाव दुसऱ्या कानात सांगायचं. पण मी पहिलं कुठल्या कानात सांगितलं होतं ते मलाच आठवेना. मग 'वैभवी' हे नाव दोन्ही कानांत तीन-तीनदा सांगण्यात आलं. पोर दोन्ही कान लाल होईतो रडली आणि संध्याकाळपर्यंत दूध तोंडात घेईना. तिची आई भागिरथी घाबरून गेली. म्हाताऱ्या म्हणाल्या, नवस अडकला. ज्याला बोलला त्यानंच सोडवायला पाहिजे.

म्हणून नाना, सूर्यभान आणि मी एसटीनं बेलापूरला, नर्सबाईंच्या गावी गेलो. ऊन मरणाचं होतं. नळावर एक दहा-बारा वर्षांची मुलगी पाणी भरत होती. नानांनी तहानेनं हात पुढं केला आणि सवयीनं विचारलं, "नाव काय बाळ?"

"सीमा."

नाना अडकले. "वडलांचं?"

"रमेश."

"आजोबांचं?"

"बाबा, पाणी प्यायचंय ना तुम्हाला?"

नाना दोन तांबे प्यायले. मग आम्ही नर्सबाईंचं घर विचारलं, तर ती म्हणाली, "चला, आमचंच आहे."

पत्र्याची खोली होती. नर्सबाईंनी आधी अर्धंच ऐकलं. "माझं नाव ठेवलंत?" त्यांचा चेहरा असा उजळला की पुढचं सांगायला सूर्यभानची जीभ वळेना. नाव बदलायचंय, नवस सोडा, हे नानांनीच सांगितलं.

"बदली होऊन आले तेव्हा चार घरं पाहिली," त्या म्हणाल्या. "मी नाव सांगितलं की खोली कालच दिलेली असायची. चारही ठिकाणी कालच. म्हणून मुलीचं सीमा ठेवलं. तिला तरी कुणी ओळखू नये."

नाना रिकाम्या तांब्याकडं बघत राहिले.

"तर बाबा, नवस मी सोडणार नाही. फेडून घेणार. तुमच्यात अशा दहा-वीस यशोधरा झाल्या, की नावावरून कुणाचं काही कळायचं नाही. मग मला खोली मिळेल."

त्या टोमणा मारत होत्या. नानांना तो हिशेब वाटला. त्यांनी विचारलं, "दहा पुरतील, का वीसच लागतील?"

बाई डोळ्यांत पाणी येईतो हसल्या. "आधी एक तर करा."

"गहिनीनाथाची बायको दिवाळीत मोकळी व्हईल," नाना बोटं मोजत म्हणाले. "पर पोरगा झाला म्हंजी पंचाईत."

एक तेवढी झाली, आमच्या सूर्यभानची. घरी आल्यावर 'वैभवी'चं नाव कुणी काढलं नाही आणि यशोधरा दूध पिऊ लागली. दूध भुकेनं प्यायली असेल, पण म्हाताऱ्यांनी श्रेय नवसालाच दिलं.

पुढं भावकीत सतरा मुली झाल्या. प्रत्येक बारशाला नाना काठी टेकत उठायचे आणि तेच नाव सुचवायचे. सोळाव्या वेळी कारण विचारलं तर म्हणाले, "त्या बाईला खोली लागतीय." बायका "व्हय, व्हय" म्हणत त्यांना जेवायच्या पंगतीत बसवायच्या आणि पाळण्यात वैष्णवी नाहीतर ज्ञानेश्वरी हलायची.

नर्सबाई त्या पत्र्याच्या खोलीतूनच रिटायर झाल्या.